तानीची जागा

मंद्रूप पोस्ट, जिल्हा सोलापूर
८ जानेवारी १९२८, रविवार

सौ. चिमा हिस हरिबाचा आशीर्वाद.

पत्र मोठ्या अक्षरांत काढलं आहे. साखर पेठेतल्या खोलीत तुला पाटीवर गिरवायला द्यायचो, त्याच मापाची अक्षरं आहेत. ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाच. सवय मोडली असली तर पत्र बाजूला ठेवून दे, पण भिमाच्या हाती देऊन दुधनीच्या पेठेत कुणाकडून वाचून आणू नकोस. तुझा भाऊ माणूस चांगला आहे, पण त्याचा आवाज मोठा आहे.

तू माहेरी गेलीस त्याला सव्वादोन वर्षं झाली. जाताना काही बोलली नाहीस. का गेलीस ते मला अजून कळलेलं नाही. असो.

माझी बदली झाली. मंद्रूपच्या पुढे, सीना नदीच्या अंगाला एक लहान गाव आहे, तिथली शाळा माझ्याकडे आली. एक खोली आणि एकोणीस मुलं. शाळेला लागूनच मी राहतो. भाकरी स्वतःच थापतो. आठवड्याच्या बाजाराला मंद्रूपला जातो, तेव्हा दिवसभरात कुणाशी चार वाक्यं बोलणं होतं. बाकी दिवस मुलांना पाढे म्हणायला लावायचे आणि शाळा सुटली की दाराशी बसायचं.

लिहायचं कारण वेगळंच आहे. गावाच्या कडेला बिरप्पा नावाच्या धनगराचं रान आहे. त्या रानात पांढऱ्या मातीचं मोठं टेकाड आहे. पावसाळ्याआधी घराच्या धाब्यावर पसरायला अख्खा गाव तिथूनच माती नेतो. माती उकरताना खापरं निघतात, लोक ती फेकून देतात. गेल्या महिन्यात पुण्याहून एक गृहस्थ आले, रामहरीपंत त्यांचं नाव. पाटबंधाऱ्याच्या खात्यात ओव्हरसियर होते, आता निवृत्त आहेत. त्यांना जुन्या वस्तूंचा नाद. बिरप्पाला विचारून त्यांनी टेकाडाचा एक कोपरा सूत लावून खणायला घेतला आहे. त्यांना सुवाच्य अक्षराचा माणूस हवा होता. निघेल त्या वस्तूवर नंबर घालायचा आणि ती कुठे, किती खोल मिळाली ते वहीत लिहायचं. शाळा सुटल्यावर आणि रविवारी मी जातो.

काल चूल निघाली. कमरेइतकं खोल खणल्यावर जमीन लागली, मुरूम चोपून केलेली, वर सारवल्यासारखा थर. तिच्यावर मातीची चूल. तीन बाजूंनी बांधलेली, पुढून उघडी, अगदी तुझ्या चुलीसारखी. आत राख होती. मी म्हटलं, "पंत, ही किती वर्षांची?" ते म्हणाले, "मास्तर, दोन हजार म्हणा, तीन हजार म्हणा. मोजायला माझ्याकडे काही नाही." मी राखेत बोट घातलं. बोट काळं झालं.

तेवढंच तुला सांगावंसं वाटलं. सांगायला दुसरं कुणी नाही.

तुझा
हरिबा


२९ जानेवारी १९२८, रविवार

सौ. चिमा हिस,

पहिल्या पत्राचं उत्तर नाही. पोचलं असेल असं धरून चालतो.

चुलीच्या भोवतीचं घर आता बरंचसं मोकळं झालं आहे. भिंती नाहीत, पण खांब रोवलेल्या जागांची काळी वर्तुळं जमिनीत दिसतात. ती मोजत गेलो तर घर गोल भरतं, आपल्या खोलीपेक्षा लहान. कूड विणून त्यावर माती लिंपली असणार. दाराच्या आत डाव्या हाताला धान्य साठवायचं पेव, त्याला आतून चुन्याचा गिलावा. तळाशी जळून कोळसा झालेले दाणे सापडले. रामहरीपंत भिंग लावून बघत राहिले. बिरप्पाने दोन दाणे तळहातावर घेतले आणि म्हणाला, "हुलगं हायती की ह्ये! आमी काय येगळं खातो व्हय?"

बिरप्पाची आई अंबुबाई रोज येऊन काठाशी बसते. सत्तरीची असेल. पहिल्या दिवशी ती आम्हाला हसत होती, की शहाणीसुरती माणसं खापरं वेचायला लागली. आता तीच आम्हाला घर समजावून सांगते. वाटायचा दगड निघाला, मधे खोलगट, पण एका बाजूने जास्त झिजलेला. पंत म्हणाले, दगडाचा दोष असेल. अंबुबाई खाली उतरली, दगडापाशी गुडघे टेकून बसली, हात पुढेमागे करून बघितला आणि म्हणाली, "डावरी हुती बाई." मी वहीत लिहिलं, "वाटणारी व्यक्ती डावखुरी असावी."

गारगोटीची पाती निघतात, अजून धार आहे, माझं बोट कापलं. मेंढरांची हाडं निघतात. त्यांच्यावर पात्याने मांस सोडवल्याच्या खुणा आहेत. मी धनगराच्या घरात जन्मलो, त्या खुणा मला कुणी समजावून सांगायला नकोत. तोटीचं एक तांबडं भांडं निघालं, त्यावर काळ्या रंगात पळणाऱ्या हरणांची रांग. शेवटचं हरीण बसवायला जागा पुरली नाही म्हणून ते अर्धंच काढलंय. मी एकटाच बराच वेळ हसत होतो. सारवलेल्या जमिनीच्या एका तुकड्यावर कुत्र्याचे पाय उमटले आहेत. सारवण ओलं असताना ते मधून पळालं असणार आणि बाईने त्याला शिव्या दिल्या असणार. कुठल्या भाषेत, देव जाणे.

पुस्तकात आम्ही मुलांना राजे शिकवतो. इथे राजाचं काहीच नाही. इथे कुणी वाटण वाटत होतं, कुणी कुत्रं हाकलत होतं.

त्या घरात मी बसतो तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटतं. हे लिहू नये, पण लिहिलं.

तू बरी आहेस का? दोन अक्षरं टाक. "बरी" एवढं लिहिलंस तरी पुरे.

हरिबा


१६ फेब्रुवारी १९२८, गुरुवार

चिमा,

आज चुलीच्या मागे, सारवलेल्या जमिनीच्या खाली, दोन मडकी निघाली. आडवी ठेवलेली, तोंडाला तोंड लावलेली. पंतांना वाटलं धान्य असेल. त्यांनी ब्रशने माती झाडली आणि एक मडकं हळूच बाजूला घेतलं.

आत लेकरू होतं.

हाडं इतकी लहान, की मला आधी कोंबडीची वाटली. कवटी शिंपल्यासारखी पातळ, मातीने भरलेली. मनगटाच्या जागी तांब्याचं हिरवं पडलेलं कडं, माझी तीन बोटंही त्यात मावली नसती. बाजूला दोन लहान वाट्या. एखाद दोन वर्षांचं असेल, पंत म्हणाले, दातांवरून कळतं. ते फार आनंदात होते. असं काही त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांनी मला टेप धरायला सांगितला, मग वही घ्यायला सांगितली. "लिहा मास्तर, नंबर एकशे चाळीस."

माझ्याने आकडा निघेना.

अंबुबाई काठावर उभी राहिली होती. ती म्हणाली, "झाका त्ये. आयनं चुलीपाशी ठिवलंय, हिंडता फिरता नजरंला पडावं म्हनून. तुमी कोन काडनार?"

पंत तिला समजावत होते, की बाई, हे पुण्याला नेलं तर दहा माणसं बघतील, त्या काळी लोक कसे राहत होते ते कळेल. अंबुबाई म्हणाली, "कसं ऱ्हात हुती? आमच्यावानी ऱ्हात हुती. त्येला पुण्याला कशाला न्याया पायजे?"

मी वही खाली ठेवली आणि शाळेत येऊन बसलो. मुलं केव्हाच घरी गेली होती.

पुढचं उद्या लिहितो. उद्या लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.


१७ फेब्रुवारी १९२८, शुक्रवार

चिमा,

आज शाळेला सुट्टी दिली. दार लावून लिहितो आहे. हे पत्र तू कुणाला दाखवायचं ते तुझं तू ठरव.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, की तू का गेलीस ते मला कळलं नाही. ते खोटं आहे. मला त्याच दिवशी कळलं होतं.

आता मानमोडीच्या तापाचं, अठराच्या साथीचं साल. तुला त्यातले पाच दिवस आठवत नाहीत, तू तापाने बेशुद्ध होतीस. सोमवारी आपल्या तानीला ताप चढला. बुधवारी दुपारी ती गेली. तिला तीन वर्षं पुरी व्हायला महिना होता. मी तिच्याजवळच होतो, एवढं खरं. तिने पाणी मागितलं, मी पाणी आणायला वळलो, परत वळेपर्यंत संपलं होतं.

त्या दिवसांत पेठेत खांदा द्यायला माणूस मिळत नव्हता. इमामसाब नावाचा एक गाडीवान आपला बैल जोडून गल्लोगल्ली फिरत होता. कुणी सांगितलं नव्हतं, तो आपणहून ज्याच्या त्याच्या दाराशी थांबायचा. मोठी माणसं जाळायला पोचवायचा, लहान मुलं पुरायला न्यायचा. तो आपल्या दाराशी आला. तुझ्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडून मी तानीला त्यात गुंडाळलं आणि बाहेर नेलं. तो म्हणाला, "साथ चलो, बाबा." मी म्हटलं, "घरात बायको आजारी आहे, एकटी आहे." तू एकटी नव्हतीस. समोरच्या घरची म्हातारी तुझ्या उशाशी बसली होती आणि तिने मला दोनदा सांगितलं होतं, जा, मी हाय हितं. तरी मी गेलो नाही. तानीवर माती लोटताना मला बघवलं नसतं. मी भ्यालो, चिमा. दुसरं काही कारण नव्हतं.

इमामसाबने विचारलं, "नाव क्या बच्ची का?" मी सांगितलं, तानी. त्याने तिला माझ्या हातातून घेतलं. गाडीत आधीच दोन होती. गाडी वळणावर जाईपर्यंत मी उभा होतो. मग आत येऊन तुझ्या कपाळावर पाण्याची पट्टी बदलली.

तू शुद्धीवर आलीस आणि विचारलंस, "कुटं ठिवलं?" मी म्हटलं, ओढ्याकाठी, लिंबाखाली. तू विचारलंस, "तुमी सवता?" मी हो म्हटलं. तू उठून चालायला लागलीस तेव्हा म्हणालीस, जागा दाखवा. दाखवायच्या आदल्या दिवशी मी एकटा ओढ्यावर गेलो. लिंबाखाली एक लहानसा ढिगारा होता, भोवती दगड लावलेले, नीट केलेला. कुणाचा ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुला तोच दाखवला.

सात वर्षं. दर अश्विनात तू तिथे वाटीभर दूध घातलंस, दगड धुतलेस. मी बारा पावलांवर उभा राहायचो. तुला वाटायचं, मला जवळ यायला धीर होत नाही.

सातव्या वर्षी तिथे ती बाई आली. बनाबाई, नाव मी मागाहून तिला विचारलं. अक्कलकोटाकडची, पोटासाठी इकडे तिकडे फिरणारी. हातात नारळ होता. तिने तुला विचारलं, "बाई, तूच व्हय गं? माझ्या लेकराला दूद कोन घालतंय, म्हनून दर साली इचार करायची मी." मी ऐकलं. मी बारा पावलांवरच होतो. तू तिच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंस, आणि वाटी तिच्या हातात देऊन चालायला लागलीस. घरी येऊन भाकरी केलीस, मला वाढलीस. सकाळी ट्रंक उचलून स्टेशनवर गेलीस.

मला सगळं कळलं होतं. तरी मी तुझ्या मागे आलो नाही.

काल त्या मडक्यात बघितलं तेव्हा मनात आलं, ज्या बाईची लिपी नाही, गाव नाही, नाव नाही, तिचं लेकरू नेमकं कुठे आहे हे तिला रोज ठाऊक होतं. आणि मी लिहिणारा वाचणारा माणूस, मला ठाऊक नाही.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

हरिबा


२६ फेब्रुवारी १९२८, रविवार

सौ. चिमा हिस,

तू ते पत्र वाचून फाडलंस की ठेवलंस, मला ठाऊक नाही. तरी लिहितो, कारण पुढे जे घडलं ते अर्धवट ठेवणं बरं नाही.

शुक्रवारी बिरप्पाने पंतांना सांगितलं, की लेकरू जागेवर गेलं नाही तर रानात पुढे खणायचं नाही. पंत चिडले. पण माणूस सरळ, हात उचलणारा नव्हे. ते म्हणाले, "मी सोलापूरला जाऊन वरून परवानगीचं पत्र आणतो. दोन दिवसांत येईन. मास्तर, तोवर हे तुमच्या ताब्यात. एक हाडही हलता कामा नये." त्यांनी मडकी गवतात बसवून खोक्यात ठेवली होती, हाडं कापसात.

शनिवारी सकाळी अंबुबाई शाळेच्या दाराशी आली. मुलं आत पाढे म्हणत होती. ती म्हणाली, "मास्तर, बिरप्पा घालंल त्येला परत, पर त्यो आडानी हाय. कुटलं हाड कुटं ठिवायचं त्येला ठावं न्हाय. तुमी लिवलंय न्हवं वहीत?"

मी लिहिलं होतं. आकडा काढता आला नव्हता, पण संध्याकाळी परत जाऊन पंतांनी सांगितलेलं सगळं लिहिलं होतं. डोकं उत्तरेला, गुडघे पोटाशी, वाट्या उजव्या हाताला.

मी मुलांना घरी पाठवलं. खोकं उचलून रानात गेलो. बिरप्पाने खड्डा पुन्हा मोकळा केला. मी आत उतरलो आणि वही उघडी ठेवून एकेक हाड जागेवर ठेवत गेलो. कडं मनगटाशी ठेवलं. दुसरं मडकं तोंडाला लावलं. अंबुबाईने वरून मूठभर माती टाकली, मग म्हणाली, "आता तुमी." मी माती लोटली, चिमा. दोन्ही हातांनी. बघवलं. बघवतं, हे मला तेव्हा कळलं. दहा वर्षं उशिरा.

पंत सोमवारी परत आले. मी त्यांना सगळं सांगितलं. बिरप्पाचं नाव पुढे केलं नाही. ते खड्ड्यापाशी जाऊन आले. मग म्हणाले, "मास्तर, ह्या पुस्तकाचं एकच पान आपल्याला सापडलं होतं. ते तुम्ही फाडलंत." त्यांचंही खोटं नाही. ते भले आहेत आणि त्यांना जे कळलं असतं ते आता कुणालाच कळणार नाही. मी म्हटलं, "होय." त्यांनी वही परत घेतली. त्यांनी शाळांच्या बोर्डाच्या ऑफिसात तक्रार दिली असं कळतं. एप्रिलनंतर मी या शाळेत नसेन. कुठे टाकतील ठाऊक नाही. पंतांनी खणणंही बंद केलं, सूत गुंडाळलं आणि गेले. जाताना मला नमस्कार केला नाही.

आता संध्याकाळी टेकाडाकडे जायचं कारण उरलेलं नाही. तरी पाय तिकडेच वळतात. जाऊन बसतो. अंबुबाई कधी येते, कधी येत नाही.

पुढच्या आठवड्यात सोलापूरला जाणार आहे. इमामसाब जिवंत आहे का ते बघतो.

हरिबा


१८ मार्च १९२८, रविवार

चिमा,

इमामसाब सापडला. बेगम पेठेत राहतो. दोन रविवार विचारत हिंडलो तेव्हा पत्ता लागला. म्हातारा झाला आहे, एका डोळ्याने दिसत नाही. मोटारी आल्यापासून गाडी बंद आहे, चाकं भिंतीला टेकवून ठेवली आहेत. त्याची बायको अमिना, तिने पाणी दिलं.

मी कोण ते सांगितलं. साल सांगितलं, गल्ली सांगितली, हिरव्या लुगड्याचा तुकडा सांगितला. तो डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "मास्तरसाब, तुमारेसे झूट नई बोलूंगा. मेरे कू याद नई."

त्या पंधरवड्यात त्याने पन्नासवर मुलं नेली होती. पुढे मोजणं सोडलं.

मी विचारलं, निदान कुठे नेत होतास ते दाखव. तो काठी घेऊन उठला. आम्ही टांगा केला. ओढ्यावर नाहीच, चिमा. ओढ्यावर तेव्हा जागाच उरली नव्हती. गावाबाहेर अर्ध्या कोसावर एक पडीक रान होतं, विहिरीपासून दोन बाभळींपर्यंत. आता ते पडीक नाही. ज्वारी काढून झाली आहे, सगळीकडे सड उभे आहेत. तो म्हणाला, "ये इत्ता. इसमेच हैं सब." मी म्हटलं, "ओळीने पुरलीस का?" तो म्हणाला, "पैले दिन लाइन थी. बाद में जिधर जमीन नरम, उधर."

आम्ही बांधावर बसलो. मी विचारलं, गाडीतून उतरवून तू काय करायचास? त्याने सांगितलं, ते मी जसंच्या तसं लिहितो. एकेकाला हाताने खाली ठेवायचो, कधी वरून टाकलं नाही. हिंदूंचं मला काही म्हणता येत नव्हतं आणि आमचं म्हणावं तर तुम्हाला चालेल की नाही कळेना. म्हणून दाराशीच नाव विचारून ठेवायचो. माती लोटताना तेवढं नाव घ्यायचो. "बोलता था, जाव बेटा फलाने, जाव बेटी फलानी. उत्ताच आता था मेरे कू."

म्हणजे तिचं नाव घेतलं गेलं आहे. एवढं मला कळलं. यापेक्षा जास्त आता कुणालाच कळणार नाही.

एक गोष्ट लपवली असती, पण आता काही लपवायचं नाही. परत आल्यावर अमिना म्हणाली, "भाई, कोई बी एक जगा दिखा देव. माँ का दिल ठंडा हो जाता." ती वाईट मनाने म्हणाली नाही. आणि मीही बांधावर बसलो असताना एक जागा मनात धरली होती. विहिरीच्या पूर्वेला करवंदीचं झुडूप आहे, तिथली जमीन थोडी उंच आहे. तुला सांगता आलं असतं, की इथेच. इमामसाबला आठवलं असं सांगता आलं असतं. तू मानलं असतंस. मी अमिनाला हो म्हणता म्हणता थांबलो.

ते झुडूप नाही, चिमा. ते रान आहे. विहिरीपासून दोन बाभळींपर्यंत. त्यात कुठेतरी तानी आहे, आणि पन्नासवर दुसरी मुलं आहेत. एवढीच जागा मला तुला दाखवता येईल.

बदलीचा हुकूम आला. करमाळ्याकडे. एक मेपासून. त्याआधी तू म्हणशील तेव्हा मी सोलापूरला येईन. नाही म्हणालीस, उत्तर दिलं नाहीस, तरी मी समजेन आणि यापुढे लिहून त्रास देणार नाही.

हरिबा


दुधनी
पाडव्याचा दुसरा दिवस

तुमची समदी पत्रं पोचली. समदी मीच वाचली. भिमाला दावली न्हाईत. जोडाक्षरं तुमी फोडून लिवली न्हाईत, एका पत्राला दोन दोन दिस लागलं. शुक्कुरवारच्या पत्राला लई दिस लागलं.

दोन अक्षरं टाक म्हनलात. मला बरी आसं लिवता आलं आसतं. पर मी बरी नव्हते म्हनून लिवलं न्हाय.

तुमी भ्याला त्येचा मला राग न्हाय. मानसं भेत्यात. माजा राग येगळा हाय. सात वर्सं तुमी बारा पावलांवर हुबं ऱ्हायला आनि मला दूद घालताना बगत ऱ्हायला. त्ये मला आजून गिळत न्हाय. तुमी आलात आनि चार दिस बरोबर ऱ्हायलात तर गिळंल का, ठाव न्हाय. खोटं सांगत न्हाय.

बनाबाईला मी गेल्या साली अक्कलकोटात बगितलं. देवळाच्या पायरीवर बसली हुती. तिनं वळकलं. तिच्या पोराचं नाव सटवा. ती म्हनली, आता मला सोलापूरला जायाला पाय न्हाईत, पोराला दूद तू घालतीस का? मी व्हय म्हनले आनि गेले न्हाय. त्या दुदाचं मला वाईट वाटत न्हाय. पोरानंच घेतलं. आता सटवाकडं बी जायाचं हाय.

अंबुबाईला सांगा, त्या लेकराला परत ठिवलं त्ये बरं केलं. तुमच्या पंताला बी वाईट वाटलं आसंल, त्येला दोन ओळी लिवा.

तुमचं रान मी बगनार. समदं. हिरीपासनं बाबळीपातूर चालत बगनार, एक जागा न्हाय तर न्हाय. मग करमाळ्याचं काय त्ये बोलू. आदी न्हाय.

येत्या आयतवारी सकाळच्या गाडीनं सोलापूरला उतरते. टेशनावर कुनाला धाडू नगा, टांगेवाल्याला न्हाय, शाळंतल्या कुनाला न्हाय. तुमी सवता या.

चिमा